उतारा घेतो का?

माझ्या बायकोला लिहिता येत नव्हतं. मला थोडं येतं, चौथीच्या पुढं शाळा पाहिली नसली तरी. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. रडून झालं. एका माणसापुरती भाकर थापायची म्हणजे काय असतं, तेही कळून झालं. पण तिच्याजवळ एक गोष्ट होती, ती तिच्यासंगं सरणावर जाऊ द्यायची नाही असं मी ठरवलंय. म्हणून लिहायला बसलो. नावं कोणाचीच घालणार नाही. ज्याला ओळखायचं तो ओळखील.

गोष्ट तिच्या भावाची. नामांतराची वर्षं होती ती. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा तापलेला, एसटी आज चालू तर उद्या बंद. आमचं गाव चारठाण्याच्या अंगाला, सडकेपासून आत.

भाऊ तिच्याहून लहान. आई लवकर गेली, त्यामुळं तो अक्काच्या कडेवरच वाढला. आमचं लग्न झालं तेव्हा वरातीच्या गाडीत तिच्या मागं हाही येऊन बसला आणि महिनाभर राहिला. पाठराखीण म्हणून बाई येते, आमच्याकडं मेहुणाच आला, असं माझी आई सगळ्यांना सांगायची. पुढं तो जिंतूरला जिनिंगवर लागला, कापसातून सरकी सुटी करणाऱ्या मशीनवर. तिथं प्यायला शिकला. आधी सुट्टीच्या दिवशी, मग रोज सांजेला, मग सकाळी उठल्या उठल्या. जिनवाल्यांनी काढून टाकलं. बायको लेकरं घेऊन माहेरी निघून गेली. मग तो आमच्याकडं आला. पिऊन भांडणारा गडी नव्हता तो. खाली मान घालून बैलाला वैरण टाकायचा, भांडी घासायला लागला तरी घासायचा, आणि प्यायचा.

पौषातल्या एका रविवारी माझ्या बायकोनं त्याला न्हाऊ घातलं आणि गावच्या खंडोबाच्या देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावला. बेलाचं पान आणि भंडाऱ्याची चिमूट हातात घेऊन शब्द द्यायचा. याच्यापुढं आमच्याकडं शपथ नाही. कोर्टात खोटं बोलणारा माणूस बेलभंडारा हातात आला की गप होतो. तो म्हणाला, आजपासून थेंब घेणार नाही.

आणि त्यानं शब्द पाळला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण गावानं पुढं उलटंच धरलं. चोरून पेला म्हणून देव कोपला, असं लोक बोलले. चोरून पेला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

सोमवारी सकाळी तो चहा प्यायला बसला. बशी तोंडापर्यंत जाईना. निम्मा चहा सदऱ्यावर. थंडीचे दिवस, आम्ही घोंगड्यात, आणि याच्या कपाळावर घामाचे थेंब. खाल्लेलं ओकला. बायकोनं कपाळाला हात लावला, म्हणाली हिवताप असेल, काढा करते. माझा थोरला भाऊ ओट्यावर बसलेला होता. तो म्हणाला, पेताड सुधरायला लागला की असाच कापतो, कापू दे चार दिवस, अंगातली पापं झडायलीत. आम्ही हसलो. मेहुणाही हसला, दात वाजवत.

मंगळवारी कडब्याच्या गंजीपाशी वैरण उपसताना तो लाकडासारखा ताठ झाला आणि धाडकन पडला. हातपाय झाडले, तोंडाला फेस आला. कोणी नाकाला चप्पल लावली, कोणी कांदा फोडून आणला. थोड्या वेळानं सुटलं. फेफरं, असं सगळे म्हणाले. पण त्याला आयुष्यात कधी फेफरं नव्हतं, ते त्याच्या बहिणीइतकं कोणाला ठाऊक? ती सांगत राहिली, कोणी ऐकलं नाही.

त्या काळात आमच्या भागात भानामतीचं लय पीक होतं. कुठल्या गावात बाया घुमायच्या, कुठं लुगड्यावर काळ्या फुल्या उठायच्या, कुठं घरावर दगड पडायचे. थोरल्यानं देवऋषी बोलावला. त्यानं मेहुण्याच्या डोळ्यांत पाहिलं, तांदूळ टाकले, आणि सांगितलं की कोणीतरी केलंय, कोणी ते अमावस्येला सांगतो. तोवर माणसाला कोठीत कोंडून ठेवा आणि गावाच्या शिवेबाहेर नेऊ नका. मग उतारा केला. लिंबू, अंडं, दहीभात, हळदकुंकू त्याच्यावरून ओवाळून तिकाटण्यावर, म्हणजे तीन वाटा फुटतात तिथं, ठेवून आले. उतारा ठेवला की मागं वळून बघायचं नाही. आम्ही बघितलं नाही.

बुधवारी उजाडता उजाडता बायको कोठीत गेली. तो वाकळेवरून काहीतरी वेचत होता. चिमटीत धरायचा, बाजूला टाकायचा, परत चिमटी.

"काय करायलास रे?" तिनं विचारलं.

"सरकी उडायली सगळीकडं," तो म्हणाला. "मुकादम, पट्टा सुटलाय. मशीन बंद करा, माणूस मरंल."

मुकादम. बहिणीला तो मुकादम म्हणत होता. ती त्याच्यापुढं बसली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, मी अक्का हाय म्हणाली. तो तिच्या खांद्यावरून पलीकडं पट्ट्याकडं बघत राहिला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. मला म्हणाली, "आवं, बैल जुंपा."

"कुठं?"

"जिंतूरला. डॉक्टराकडं."

मी म्हणालो, एसटी बंद हाय, सडकेवर काय असंल नसंल. ती म्हणाली, म्हणून तर बैल म्हणायले. आणि आत जाऊन भाकरी बांधायला लागली. तिच्याशी वाद घालायची एक वेळ असायची, ती निघून गेली होती. मी जुंपले.

गाडी तिकाटण्यापर्यंत आली तर थोरला भाऊ बैलांपुढं येऊन उभा. मला म्हणाला, शिवेच्या बाहेर नेलंस तर उतारा फुकट जाईल आन् मुडदा घिऊन येशील. मला म्हणाला खरा, पण सांगत होता तिला. थोरल्या दिराला आमच्याकडं भाया म्हणतात. भायापुढं बाई तोंड उघडत नाही. लग्न झाल्यापासून तिनं त्याला एक शब्द समोरासमोर बोललेला नव्हता. पाणी हवं का हेसुद्धा भिंतीला विचारल्यासारखं विचारायची.

ती गाडीत उभी राहिली. पदर डोक्यावर होता तो आणखी पुढं ओढला.

"दादा," ती म्हणाली, "मुडदा झाला तर माझा हाय. सरका."

तो सरकला. मला वाटतं तिचा आवाज ऐकूनच सरकला, शब्द त्याला नंतर कळले असतील.

पुढं वाटेवर तो उतारा पडलेला. उताऱ्यावरून कोणी गाडी घालत नाही, माझ्याही हातानं कासरा ओढला गेला. ती खाली उतरली, लिंबू उचललं आणि बांधाच्या काटेरी कुपाटीत भिरकावलं. भातावर माती लोटली. अंडं आधीच कुत्र्यानं खाल्लं होतं. "चला," म्हणाली आणि चढून बसली.

मेहुणा वाटेत उडी मारायला बघत होता, म्हणून तिनं आपल्या मनगटाला त्याचं मनगट फडक्यानं बांधलं. सडकेवर एका ठिकाणी दगड लावलेले. दहा-पाच माणसं आडवी आली, कोण गावचे, कोण माणसं, कुठं निघाले. मी तोंड उघडायच्या आत मेहुणाच त्यांना म्हणाला, "कापूस ओला हाय तुमचा. वाळवून आणा, मग तोलतो." ती माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कोणीतरी हसला. माझ्या बायकोनं हात जोडले. त्यांनीच दगड बाजूला केले. कोणत्या बाजूची होती, मला आजही माहीत नाही.

डॉक्टर चाळिशीचा, चष्मेवाला, घाईत. दवाखान्यात गर्दी नव्हती, बंदमुळं. त्यानं मेहुण्याकडं एकदा पाहिलं, मनगट धरून घड्याळात पाहिलं आणि विचारलं, "दारू पितो?"

"पीत होता," बायको म्हणाली.

"उतारा घेतो का?"

तिला बरं वाटलं. शिकलेला माणूस असून आपल्यातलं विचारतो म्हणून. ती म्हणाली, "टाकलाय की साब. तिकाटण्यावर. लिंबू, अंडं, दहीभात, सगळं."

 डॉक्टरनं चष्मा काढला. "बाई, तो उतारा न्हाई म्हणायलो मी. रात्री पेलेला माणूस सकाळी उठतो, हात कापायला लागतात, मग ते थांबावं म्हणून परत थोडी पितो. पिणारे त्याला उतारा म्हणतात. तो घ्यायचा का हा?"

तिला आता कळलं. "तोंड धुवायच्या आधी," ती म्हणाली. "रोज."

"शेवटची कवा घेतली?"

"रविवारी पहाटं. मग न्हाऊ घातलं, बेलभंडारा उचलला. त्याच्यानंतर थेंब न्हाई. माझ्या भावानं शब्द पाळलाय साब."

"तेच तर झालंय," डॉक्टर म्हणाला.

मग त्यानं एकामागं एक विचारलं. फीट आली का, कवा आली, आधी कधी आली होती का. पडला तेव्हा डोक्याला लागलं का. रक्ताची उलटी झाली का. जेवला कवा. मेहुण्याला दोन्ही हात पुढं करायला लावले, बोटं फाकून. हात असे कापत होते की बघवत नव्हतं. जीभ बाहेर काढायला लावली, तीही कापत होती. डोळ्यांत बॅटरी मारली. कुठं आहेस विचारलं, तो म्हणाला जिनवर. आज वार कोणता, तर म्हणाला पाळी रात्रीची हाय.

शेवटी डॉक्टरनं आपल्या दोन्ही हातांच्या चिमट्या धरल्या, मधे दोरा ताणल्यासारख्या. दोरा नव्हता. हातात काहीच नव्हतं. म्हणाला, "हा दोरा धर रे जरा."

मेहुण्यानं हात पुढं केला आणि तो नसलेला दोरा धरला. धरून बोटाला गुंडाळायला लागला, सावकाश, तुटू नये म्हणून जपून.

माझ्या बायकोनं तोंडाला पदर लावला. गावात पडला तेव्हा, कोठीत बरळला तेव्हा ती रडली नव्हती. इथं रडली.

डॉक्टरनं आम्हाला समजावलं. मी माझ्या अकलेप्रमाणं असं समजलो: भरली गाडी चढावर ओढताना जू मोडलं की बैल तोंडावर जातात, कारण जोर लावलेला असतो आणि ओझं एकदम जातं. याचं डोकं वर्षानुवर्षं दारूच्या ओझ्याला जोर लावून उभं होतं. आपण रविवारी ओझं एका झटक्यात काढलं. रोज पिणाऱ्यानं, त्यातही सकाळी उतारा घेणाऱ्यानं, असं एकदम सोडायचं नसतं, जीव जातो. डॉक्टराला विचारून, औषधाखाली सोडायचं. हा आणखी दोन दिवस कोठीत राहिला असता तर गेला असता, असं त्यानं स्पष्टच सांगितलं.

बायकोनं डोळे पुसले आणि विचारलं, "मग आता परत पाजायची? देवापुढं शब्द दिलाय त्यानं."

"पाजायची न्हाई. सुई देतो. ती दारूची जागा धरंल, मग ती आपण रोज थोडी थोडी कमी करू. तुझ्या देवाचा शब्द मोडत न्हाई मी."

तेव्हा ती हो म्हणाली. डॉक्टरनं आधी एक ताकदीची सुई दिली, बी-वन का काय म्हणाला, आणि सलाईन त्याच्या मागून लावलं. का आधी ती, तेही सांगितलं होतं, माझ्या ध्यानात राहिलं नाही. मग झोपेची सुई. मेहुण्याचा हात ढिला पडला, पण बोटात दोरा धरल्यासारखी चिमटी तशीच राहिली.

आम्ही तिथंच राहिलो. बैल एका ओळखीच्याच्या गोठ्यात बांधले. डॉक्टरनं बायकोला काम लावून दिलं: थोड्या थोड्या वेळानं बघत राहा. हात पुढं करायला लाव. कपाळाला घाम हाय का बघ. काय दिसतं, काय ऐकू येतं विचार. कुठं हाय विचार. मग दोरा. वाढलं की मला बोलव.

तिनं ते मनावर घेतलं. नर्स यायची तेव्हा ही सांगायला तयार. तिचं माप तिच्या घरचं होतं. हात लय कापत असले की म्हणायची, पाखडायलेत. थोडे कमी असले की, चाळायलेत. पहिल्यांदा नर्सला समजेना. मग बायकोनं हवेत सूप धरून पाखडून दाखवलं, मग चाळणी धरून चाळून दाखवलं. त्यानंतर डॉक्टर आला की तोच विचारायचा, "काय बाई, आज पाखडायलाय का चाळायलाय?"

मधेच एकदा वाढलं. तो उठून बसला, सलाईन उपसायला लागला, मशीनमध्ये माणूस अडकलाय म्हणून ओरडला. मी धरलं, तिनं धरलं, डॉक्टर धावत आला. मी तिला बाहेर घेऊन आलो आणि म्हणालो, मनाची तयारी ठेव. ती म्हणाली, तुमी ठेवा, मला टाईम न्हाई. आणि परत आत गेली.

प्रत्येक खेपेला ती शेवटी चिमट्या धरायची आणि म्हणायची, दोरा धर रे. तो धरायचा. कधी गुंडाळायचा, कधी गाठ मारायचा. एकदा तर दातानं तोडला. ती बाजूला व्हायची आणि थोड्या वेळानं परत चिमट्या धरायची. आजूबाजूचे रोगी हसायला लागले होते, बहीण-भाऊ दोघं येडे म्हणून. ती त्यांना म्हणाली, हसा, पण खाटंवर बसून हसा, मला वाट सोडा.

एके सकाळी मी चहा घेऊन आलो तर ती त्याच्या खाटेजवळ चिमट्या धरून बसलेली. तो उठून बसला होता. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. तो तिच्या हातांकडं बघत होता.  मग म्हणाला,

"अक्का, तुझ्या हातात तर काहीच न्हाई."

ती हलली नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "दाजी, हिला काय झालंय?"

मी चहा खाली ठेवला. माझेच हात चाळायला लागले होते.

इथं संपलं असतं तर बरं होतं, पण माणूस असा सरळ नसतो. पोळ्याला तो परत पेला. बहिणीनं त्याला ना शिव्या दिल्या ना देवळात नेलं. दोन महिने गेले, मग तोच म्हणाला, अक्का, परत सोडायची हाय. ती म्हणाली, मग आधी जिंतूर. डॉक्टरनं औषध देऊन, रोज कमी करत सोडवली. त्यानंतर तिनं त्याला देवळात नेलं. आधी दवाखाना, मागून देव, असा तिनं क्रम लावून घेतला आणि तो गावालाही लावला. आमच्या देवळात कोणी बेलभंडारा उचलायला आलं की गुरव आधी तिला बोलावणं धाडायचा. ती पिणाऱ्याला हात पुढं करायला लावायची आणि विचारायची, सकाळी उतारा घेतो का? हो म्हणाला की आधी एसटीत बसवायची. गुरव कुरकुरायचा, की देवापेक्षा हिला जास्त कळतं का. ती म्हणायची, देवाला कळतंय, तुला न्हाई. थोरल्या भावाशी मात्र ती परत कधी समोरासमोर बोलली नाही. गरजच पडली नाही, असं म्हणायची. तो मात्र तिचं नाव निघालं की ताठ बसायचा.

मेहुण्याची बायको लेकरांना घेऊन परत आली. तो येलदरीला धरणाच्या वसाहतीत कामाला लागला, तिथंच म्हातारा झाला.

ती शेवटच्या आजारात पडली तेव्हा तो आला आणि राहिला. किडन्या गेल्या होत्या. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येईनात. वाकळेवरून काहीतरी वेचायला लागली. मी ओळखलं, त्यानंही ओळखलं, आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. तो तिच्या उशापाशी बसला, दोन्ही हातांच्या चिमट्या धरल्या. म्हातारा माणूस, पण हात दगडासारखे स्थिर.

"अक्का," तो म्हणाला, "दोरा धर."

तिनं धरला. तिनं सोडीपर्यंत त्यानं चिमटी सोडली नाही.

तिचं वर्षश्राद्ध तोंडावर आलंय, आणि ही परवाचीच गोष्ट. सकाळी मी ओट्यावर होतो. शेजारच्या गावची एक बाई लेकाला घेऊन आली. तरणा गडी, थंडीत घामानं भिजलेला. काकू हायत का म्हणाली. मी सांगितलं, न्हाईत आता. ती तशीच वळायला लागली. तिला वाटलं, काम त्या बाईचं होतं, बाई गेली, संपलं.

मी म्हणालो, "थांब. बस." पोराला म्हणालो, हात पुढं कर, बोटं फाक. पाखडत होते. तिला विचारलं, "सकाळी उतारा घेतो का?"

"टाकलाय की आबा," ती म्हणाली. "कालच. पिंपळाखाली."

मी आत जाऊन टोपी घातली, दाराला कडी लावली. जिंतूरची गाडी यायला अजून वेळ होता, पण सडकेपर्यंत त्याला धरून चालवत न्यायचं होतं.